एकदा व्हय, दोनदा न्हाई

“ताई, एकाच वायरीवर भागणार न्हाई का?”

दौंडला माझं पंपाचे स्टार्टर आणि पॅनेल बनवण्याचं, दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्या गल्ल्यावर बसून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की विचारणारा पायरी चढताना दिसला तरी ओळखू येतो. विहीर एकीकडे, खांब दुसरीकडे, मध्ये उसाचं रान. दोन वायरी ओढायचा कंटाळा. मग कुणीतरी शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं की एक वायर ओढायची आणि दुसरं टोक जमिनीत गाडायचं, चालतंय की!

मी त्यांना बाकावर बसवते, पाणी देते आणि सांगते, “दादा, वीज गेली की तिला माघारी यावं लागतं. जायची एक वाट, यायची एक वाट. तुम्ही यायची वाट जमिनीतनं दिली, तर ओल्या रानात तिथनं चालणारं माणूस आन् जनावर बी त्याच वाटेवर आलं म्हणायचं.” हे ऐकून बहुतेक जण दुसरी वायर घेतात. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

माझा सगळा धंदा म्हणजे ही जाण्यायेण्याची वाट. बॅटरीतून, खांबावरून, कुठूनही निघालेली वीज दिवा लावते, मोटार फिरवते आणि परत निघाल्या ठिकाणी येते. वाटेत कुठेही फट पडली तर ती निघतच नाही. अर्ध्यापर्यंत जाऊन बसली, असं तिचं नसतं. या पुऱ्या झालेल्या वाटेला सर्किट म्हणतात. आणि त्या वाटेत आपण मुद्दाम ठेवलेली, पाहिजे तेव्हा मिटता येणारी फट म्हणजे बटण. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला. उरलेला निम्मा म्हणजे गिऱ्हाइकं.

माझं माहेर इनामगावचं. वडील तरुणपणी मेंढरांमागे फिरले, नंतर घोड नदीकाठी थोडं रान करून स्थिरावले. आमच्या वाड्यावस्त्यांतून आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेणारी मुलगी तेव्हा मीच. शिरूरजवळच्या एका कारखान्यात काही वर्षं पॅनेलची वायरिंग केली, मग लग्न होऊन दौंडला आले आणि दुकान टाकलं. माझी कहाणी एवढीच. सांगण्यासारखी माणसं मला दुकानात भेटली.

पाटसकडचे एक पाहुणे जळका स्टार्टर पोत्यात घालून घेऊन आले आणि भांडायलाच लागले. उघडून पाहिलं तर आत पाल. उबेला आत शिरलेली, दोन पट्ट्यांमध्ये अडकून स्वतःही गेलेली आणि स्टार्टरही घेऊन गेलेली. गृहस्थ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग पाल ग्यारंटीत बसती का न्हाई?” मी म्हटलं, “तिची ग्यारंटी तुमची.” हसले. पण जाताना स्टार्टरच्या पेटीच्या भोकांना लावायला जाळी घेऊन गेले.

असल्या गिऱ्हाइकांत सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जिवाभावाचे म्हणजे राहू बेटातले, म्हणजे दौंड तालुक्यातल्या राहू गावचे आप्पा.

आप्पांचं ऊस-गुऱ्हाळाचं घर. दारात गाया. आवाज असा की माझ्या दुकानात बोलले तर पलीकडच्या रसवंतीवाल्याला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली. सोसायटीच्या सभेला त्यांना माईक लागत नसे. पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, “मालक न्हाईत व्हय?”

“मालक मीच आहे.”

“तुमी बनवता स्टार्टर?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे, मग छताकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. “बाईच्या हातचा स्टार्टर लावून मोटार जाळून घिऊ का?” तरीही दुसरीकडे माल नव्हता म्हणून घेऊन गेले. आठवड्यानं परत आले, तक्रार करावी तशा आवाजात म्हणाले, “बाई, मोटार चालतीया.” मी म्हटलं, “मग?” तर म्हणाले, “मग काय? सांगाया आलो.”

त्यानंतर त्यांनी किती गिऱ्हाइकं आणली त्याला हिशेब नाही. प्रत्येकाला सांगायचे, “बाईच्या हातचा हाय, पण चालतोय.” तो ‘पण’ त्यांनी कधी सोडला नाही.

मग आप्पा यायचे बंद झाले. राहूकडच्या माणसांकडून कळलं की त्यांच्या अंगावरून वारं गेलं. आधी उजवी बाजू, आणि त्यातून सावरताहेत असं वाटत असतानाच दुसरा झटका. हातपाय गेले, वाचा गेली. मी भेटायला जाऊन आले होते. ओसरीवर खाटेवर पडलेले आप्पा बघवत नव्हते. नजर मात्र माझ्यावर होती. मी त्यांच्या पत्नीशी, सरूकाकींशी, बोलले आणि निघाले.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी सरूकाकी एकट्याच दुकानात आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी पायरी चढल्या नव्हत्या. गुडघा धरून बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, बेल पायजे.”

मी दारावरच्या बेलांचा खोका काढला. एक चिमणीसारखी वाजणारी, एक आरतीची.

“ही न्हाई. दाराची नगं. माणसाची पायजे.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या चारा आणायला रानात गेल्या होत्या. आप्पांची खाट अंगणात सावलीला ठेवलेली. रानात वेळ लागला, सावली सरकली आणि आप्पा सगळी दुपार उन्हात पडून राहिले. परत आल्या तेव्हा चेहरा भाजल्यासारखा लाल झालेला आणि ओठ फुटलेले.

“वरडता आलं आसतं तर अख्खं राहू गोळा केलं आसतं त्या माणसानं,” काकी म्हणाल्या. “आन् ताई, समदं कळतंय त्यास्नी. मला म्हाईत हाय. पण विलास म्हनतो, आई, आता त्यास्नी काय बी कळत न्हाई.”

विलास म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. पुण्याजवळ एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात होता. दर रविवारी यायचा, बापाला आंघोळ घालायचा, नखं काढायचा. वाईट मुलगा नव्हता तो. त्यानंच ऑनलाइन मागवून रिमोटची बेल आणून दिली होती, पण तिचं बटण दाबायला बोट लागतं आणि आप्पांची बोटं मिटलेली. आईच्यानं हे सगळं होत नाही हे त्याला दिसत होतं. म्हणून गाया विकून दोघांना फ्लॅटवर न्यायचं त्याच्या मनात पक्कं झालं होतं. काकी अडून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच, आप्पांना हे पसंत नाही.

“कशावरून कळतं काकी, त्यांना पसंत नाही ते?” मी विचारलं.

“डाव्या पायाचा आंगठा हालवत्यात. राग आला की हालतो. विलास म्हनतो, त्यो आपुआप हालतो.”

मी दुपारीच दुकान बंद केलं आणि काकींबरोबर राहूला गेले.

आता जरा धंद्याचं सांगते, कारण इथे गंमत आहे. लोकांना वाटतं बेल म्हणजे अवघड काम बेलचं. बेल ही सगळ्यांत सोपी गोष्ट. बॅटरी, बेल, बटण आणि त्यांना जोडणारी वाट. शाळेतली मुलंही जोडतात. पण बटण कुणाच्या हाती द्यायचं यावर सगळं अवलंबून. आपण बोटानं दाबतो तेव्हा त्या बटणाच्या आतली स्प्रिंग किती जोर मागते याचा कधी विचारही करत नाही. आप्पांजवळ तेवढा जोरच नव्हता.

घरची वीज वापरायची नाही हे मी आधी ठरवलं. अंथरूण ओलं होणार, घाम येणार, तिथे खांबावरची वीज नको. शिवाय लाइट गेली की बेल मुकी. काकींच्या गोठ्यात फवारणीचा पंप होता. त्याची बॅटरी मी काढून घेतली, ती दिवसा लाइट असताना चार्ज होते. बेलऐवजी मोटारसायकलचा हॉर्न घेतला, कारण आवाज गोठ्यात आणि मागच्या रानातही जायला हवा. हॉर्न गोठ्याच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, बांधला. बॅटरीपासून आप्पांच्या खाटेपर्यंत एक वायर, खाटेपासून हॉर्नपर्यंत दुसरी, हॉर्नपासून परत बॅटरीला तिसरी. बॅटरीजवळ एक फ्यूज घातला, म्हणजे वायरी कुठे घासून एकमेकींना चिकटल्याच तर फ्यूज जाईल, घर पेटणार नाही. राहिली खाटेजवळची फट.

पहिल्यांदा मी बटण त्यांच्या गालाजवळ बसवलं. मान थोडी वळते असं काकी म्हणाल्या होत्या. वळायची, खरी. पण डुलकी लागली की जास्तच वळायची. दुसऱ्या दिवशी काकींचा फोन आला. दुपारी आप्पांना झोप लागली, गाल बटणावर टेकला आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. गाय बुजली, तिनं दुधाची बादली लवंडली, आणि वस्तीवरची माणसं आप्पा गेले की काय म्हणून धावत आली. “आन् हे तेवढ्या आवाजात बी घोरत हुते,” काकी म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. मला वाटतं त्या खूप दिवसांनी हसत होत्या.

मग मी अंगठ्याकडे वळले. आपोआप हलतो की मुद्दाम, ते पुढचं पुढे. हलतो तर खरा. जुन्या पॅनेलमधला एक मायक्रोस्विच माझ्याकडे होता. काडेपेटीपेक्षा लहान, वर पत्र्याची बारीक जीभ, नुसता स्पर्श झाला तरी टक् करून जोडला जाणारा. त्या जिभेला मी सायकलची तार जोडून ती लांब केली, म्हणजे जोर आणखी कमी लागेल. टोकाला कापडाची गुंडी, अंगठ्याला टोचू नये म्हणून. खाटेच्या पायथ्याला फळी ठोकून त्यावर ते सगळं बसवायचं असं ठरवलं आणि रविवारी विलास असताना गेले.

विलासनंच फळी धरली. तार कुठे वाकवावी हेही त्यानं नीट पाहून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. जोडणी झाली. मी तारेला बोट लावलं. गोठ्यात हॉर्न वाजला, गायांनी कान टवकारले.

“आप्पा,” मी म्हटलं, “आता तुम्ही दाबा.”

अंगठा हलला नाही.

“दाबा की वो,” काकी म्हणाल्या.

काहीच नाही. आप्पा छताकडे बघत होते. आम्ही थांबलो. पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबलो. काकींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. विलास काही टोचून बोलला नाही. त्यानं वडिलांच्या ओठांच्या कडेनं ओघळलेली लाळ पुसली आणि हळू आवाजात म्हणाला, “असू द्या ताई. तुम्ही एवढं केलंत.”

मी टेस्ट लॅम्प काढून सगळे सांधे पुन्हा तपासले. सगळं ठीक होतं. बिघाड सापडला असता तर बरं वाटलं असतं.

“त्यास्नी कुणी हुकूम केल्याला कवा आवडलाय?” काकी पुटपुटल्या. पण त्यांचाही आवाज पडला होता.

तेवढ्यात जनावरांचा व्यापारी आला. काष्टीच्या बाजारातला माणूस, विलासनं त्याला गाया बघायला बोलावलं होतं. दोघं गोठ्याकडे गेले. व्यापाऱ्यानं एका गाईच्या कासेला हात लावला, दात पाहिले. काकी लंगडत मागे गेल्या, त्यांच्यामागे मी, आणि काकी दावणीपुढे उभ्या राहिल्या.

“आमच्या मालकांस्नी इचारल्याबिगर एक बी गाय सुटायची न्हाई.”

“आई,” विलास दमलेल्या आवाजात म्हणाला, “कुणाला विचारायचं गं?”

आणि हॉर्न वाजला.

तो व्यापाऱ्याच्या डोक्यावरच बांधलेला होता. बिचारा शेणात बसता बसता वाचला. गाया फुरफुरल्या. हॉर्न थांबला. आम्ही सगळे ओसरीकडे बघत राहिलो. मला वाटलं, सांधा सैल राहिला असणार. मी पळत खाटेजवळ गेले. आप्पांचा अंगठा तारेवर होता. थरथरत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो मागे आला, आणि पुन्हा पुढे गेला. गोठ्यात पुन्हा हॉर्न.

“बगा!” काकी मागून ओरडल्या. “न्हाई म्हनत्यात! म्या सांगत हुते न्हवं!”

विलास खाटेजवळ उकिडवा बसला. “आप्पा, तुमी वाजवलं?”

हॉर्न.

“थांबा,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “एका तपासणीवर मी मालसुद्धा पास करत नाही.” मग वडिलांच्या तोंडाजवळ वाकला. “आप्पा, ऐका. व्हय असलं तर एकदा वाजवा. न्हाई असलं तर दोनदा. माझं नाव सतीश हाय का?”

थोडा वेळ गेला. मग हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

“आपल्या विहिरीला पायऱ्या हायत?”

एकदा.

विलास आणखी जवळ सरकला. “मी बारावीला पहिल्या दमात पास झालो?”

या वेळी वाट बघावी लागली नाही. एकामागून एक दोन हॉर्न वाजले, खणखणीत. सगळ्यांच्या आधी व्यापारी हसला. मग काकी. विलास हसायला लागला आणि हसता हसता त्यानं बापाच्या छातीवर डोकं ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. मी भिंतीकडे तोंड करून पक्कड पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

गोष्ट इथे थांबवायला मला आवडलं असतं. पण पुढचं घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

काकी पदर खोचून पुढे आल्या. “आता इचार. गायांचं इचार त्यास्नी, ह्या दादांच्या समोर.”

विलासला आता विचारावंसं वाटत नव्हतं. पण काकी हटेनात. त्यानं विचारलं, “आप्पा, गाया विकायच्या?”

एकदा.

आम्ही दुसऱ्याची वाट बघत राहिलो. दुसरा आला नाही.

“दमलं आसतील,” काकी म्हणाल्या. “आंगठा उचलला नसंल. परत इचार.”

विलासनं पुन्हा विचारलं. पुन्हा एकदाच.

काकींनी खोचलेला पदर सोडला. उंबऱ्यावर गुडघ्याला हात लावून आत गेल्या. आतून भांडी ठेवल्याचा आवाज येत राहिला. त्या घरात त्यांनी एकटीनं एवढे दिवस आप्पांची बाजू लढवली होती, मुलाशी, पाहुण्यांशी. आणि आप्पांना बोलता आल्याबरोबर ते उलट बोलले. मला त्या क्षणी वाटलं, हे सर्किट जोडलं नसतं तर बरं झालं असतं.

विलासला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता. तो विचारत गेला. “पुण्याला यायचं म्हणून विकायच्या?” दोनदा. “हितंच ऱ्हायचं?” एकदा. “चारा पुरत न्हाई म्हणून?” दोनदा. “दूध परवडत न्हाई?” दोनदा. तो गोंधळला. ‘का’ असं विचारता येत नव्हतं. ज्याचं उत्तर हो किंवा नाही आहे असाच प्रश्न सापडायला हवा होता.

मी पायथ्याशी उभी होते, म्हणून मला आप्पांचे डोळे दिसत होते. ते विलासकडे नव्हते. काकी ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या होत्या तिकडे होते.

“आप्पा,” मी विचारलं, “काकींच्या गुडघ्यासाठी?”

हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. अंगठा तारेवरून उठेना. मी धरून हलकेच मागे घेतला तेव्हा थांबला.

काकी बाहेर आल्या. “आता काय झालं?”

विलासनं सांगितलं. त्या दारात तशाच उभ्या राहिल्या, हातातलं पातेलं हातात. मग आप्पांकडे बघून म्हणाल्या, “जलमात कवा इचारलं न्हाई, गुडघं दुखत्यात का म्हनून. आन् आता कशाला?”

आप्पा बघत होते. हॉर्न एकदाच वाजला. त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण काकी येऊन खाटेच्या कडेला बसल्या.

आजवर त्या आप्पांच्या वतीनं बोलत होत्या. आता पहिल्यांदा त्यांनी आप्पांना विचारलं. “समद्या विकायच्या?”

दोनदा.

“एक ठेवायची?”

एकदा.

“राणी?” दोनदा. “मैना?” दोनदा. “चंद्री?”

एकदा.

“माझ्या बी मनात तीच हुती,” काकी म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. मग व्यापाऱ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात, “आन् दादा, तू दात बगितलं ते चंद्रीचं. तिला हात लावू नगंस.”

संध्याकाळी काकी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. गुऱ्हाळाचा धूर रानावर पसरला होता. चालता चालता म्हणाल्या, “ताई, एवढं दिस मी त्यांच्या नावानं भांडत हुते. ते माझंच म्हननं हुतं म्हनायचं.” त्यात राग नव्हता. नवीनच काही कळल्यासारखं त्या बोलत होत्या. मी म्हटलं, “काकी, त्यांना सगळं कळतं असं तुम्ही म्हणत होता, ते तर खरं ठरलं.” त्यावर म्हणाल्या, “व्हय. कळतं म्हंजी आपल्यागतच कळतं आसं वाटलं हुतं मला.”

दोघं राहूलाच राहिले. विलासनं फ्लॅटचा विषय सोडला. वस्तीवरची एक बाई सकाळ-संध्याकाळ मदतीला येऊ लागली आणि काकी गुडघा दाखवायला पुण्याला एकदा जाऊन आल्या. त्या दिवशी आप्पांजवळ विलास थांबला होता.

पुढे विलासनंच आणखी एक केलं. तो बापाजवळ बसून बाराखडी सावकाश म्हणू लागला. पाहिजे ते अक्षर आलं की आप्पांनी हॉर्न वाजवायचा. आप्पांना चटकन दम लागायचा, म्हणून एका बैठकीत एखादाच शब्द व्हायचा. पहिला पूर्ण शब्द निघाला तो ‘गोड’. कुणालाच अर्थ लागेना. मग काकींच्या लक्षात आलं. आजारी पडल्यापासून त्यांना बिनसाखरेचा चहा चालला होता. बिचारे गुऱ्हाळवाले! डॉक्टरांना विचारून चिमूटभर गूळ घालायला परवानगी मिळाली.

याच गोष्टीची मला चुटपुटही आहे. ‘गोड’ म्हणायला ज्या माणसाला एक सकाळ लागते, त्याच्या मनात लांबलचक असं किती साठलं असेल? सभेत तासभर बोलणारा माणूस. आम्ही विचारू तेवढ्याचंच उत्तर त्यांना देता येतं. जे आम्हाला विचारायचं सुचत नाही ते तसंच राहतं. विलासनं संगणकावर चालणारं काही आणायचं ठरवलंय, डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं उमटतात म्हणे. ते आलं तर मी पहिली बघायला जाणार आहे. माझं त्यात काही काम नसेल, पण मला आप्पांचं भाषण ऐकायचंय.

राहूची बातमी आपसूक पसरली. शिरूरला एका निवृत्त गुरुजींसाठी मी फुंकर मारून लागणारं बटण केलं. कागदाची हलकी पट्टी, फुंकर बसली की मागे जाते आणि जोडणी होते. त्यांना श्वासाशिवाय दुसरं काही हलवता येत नाही. पाटसला अपघातात सापडलेल्या एका तरुण मुलीसाठी हनुवटीनं दाबायचं केलं. तिनं माझं पहिलं बटण नापास केलं, म्हणाली, “मावशी, हे दिसायला फार भंगार आहे.” मग तिच्या आवडीच्या जांभळ्या रंगाचं केलं. बॅटरी, वायरी, आवाज सगळीकडे तेच. बटण मात्र प्रत्येक वेळी नव्यानं शोधावं लागतं, आणि त्यासाठी त्या माणसाजवळ खूप वेळ नुसतं बसावं लागतं. कुठे काय हलतं ते त्याच्या घरच्या बाईला बहुधा आधीच माहीत असतं.

आजकाल स्टार्टर उघडून दुरुस्त कुणी करत नाही. बिघडला की फेकतात, नवा आणतात. माझं जुनं कौशल्य गल्ल्यामागच्या फळीवर धूळ खातंय, त्याचं वाईट वाटतं. पण मायक्रोस्विचचा खोका मी रिकामा होऊ देत नाही.

परवा काकींचा फोन आला. मागे चंद्री हंबरत होती.

“ताई, ह्या हॉर्नचा आवाज बारीक करायचं काय आसतंय का वो? सकाळधरनं वाजवत्यात. पेपर वाचून दाखवा म्हनत्यात, आन् वाचला की मधीच न्हाई न्हाई करत बसत्यात. समदी वस्ती वैतागली.”

“असतं की काकी. छोटा हॉर्न बसवून देते. उद्या येते.”

पलीकडे हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

काकी फोन बाजूला करून “बरं, बरं” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ताई. नगं म्हनत्यात.”